भुंडा हात

१

पीएच.डी. झालेली असते आणि कायमची नोकरी लागलेली नसते, त्या मधल्या पायरीवर उभं राहण्याला पोस्टडॉक म्हणतात. डॉ. करिश्मा मेहरे अमरावतीच्या विद्यापीठात, मानसशास्त्र विभागात, त्या पायरीवर उभी होती. आणि पायरीवर आहे म्हणून कुणासमोर वाकायची तिला सवय नव्हती. घर अकोल्याचं, माळ्याचं. अकोट रस्त्याला झेंडू-शेवंतीचं वावर आणि फूलबाजारात आई गंगूबाईची हार विकायला बसायची जागा. ती जन्मली तेव्हा वडिलांना सिनेमाचं वेड होतं. वडील गेले, वेड त्यांच्याबरोबर गेलं, पोरीचं नाव तेवढं राहिलं.

तिची प्रयोगशाळा म्हणजे विभागाच्या मागची, पूर्वी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कोंबून ठेवायची खोली. खिडकीच्या काचा काळ्या रंगवलेल्या, एक ट्यूबलाइट, आणि एक पंखा, जो बटण दाबलं की आधी कण्हायचा आणि मग फिरायचा. मधोमध टेबल, टेबलावर लाकडी पेटी. पेटीच्या एका अंगाला मनगट जाईल एवढं गोल भोक. त्याच्या समोरचं अंग सताड उघडं. प्रयोगाला आलेल्या बाईने भोकातून उजवा हात आत घालायचा. आत गेलेला हात तिला दिसत नाही. तिच्या डोळ्यांसमोर टेबलावर एक रबरी हात ठेवलेला असतो, तो दिसतो. करिश्मा उघड्या अंगाला बसायची आणि दोन ब्रश घेऊन आतल्या खऱ्या हातावर आणि बाहेरच्या रबरी हातावर एकाच लयीत फिरवायची. थोड्या वेळाने मेंदू चळतो. समोरचा रबरी हातच आपला वाटायला लागतो. जगभर हा प्रयोग झालेला आहे आणि जगभर माणसं फसलेली आहेत.

करिश्माचं म्हणणं होतं, सगळी फसणार नाहीत. ज्या बायकांनी जन्मभर हार ओवले, गजरे बांधले, दोऱ्याने बोटाला घट्टे पाडून घेतले, त्यांना आपला हात कोणता ते डोळ्यांनी बघावं लागत नाही. तिचे मार्गदर्शक डॉ. गजेंद्र गावंडे यावर हसले.

"मेंदू सगळ्यांचा सारखाच भोळा असतो, करिश्मा. तुझ्या बाजारातल्या बायकांचा काही निराळा नाही येत."

"बघू की, सर," ती म्हणाली, आणि अकोल्याच्या फूलबाजारातल्या बायकांना बोलवायला लागली.

पहिली आली जयवंताबाई. आईच्या शेजारीच तिची जागा. करिश्माला तिने कडेवर खेळवलेलं. खुर्चीवर बसायच्या आधीच तिने रबरी हाताकडे बघून तोंड वाकडं केलं.

"भुंडा हात काहून ठेवला वो हा? बाईचा हाय ना?"

"बाईचाच आहे मावशी. रबरी आहे."

"असू दे रबरी. भुंडा हात समोर ठेऊन मी नाई बसत."

सुनेसाठी घेतलेल्या हिरव्या बांगड्या तिच्या पिशवीत होत्याच. तिने रबरी बोटं चेपली, अंगठा आत दाबला आणि कासारणीच्या सराईतपणे दोन बांगड्या चढवल्या. चढवताना सवयीने, थट्टेत विचारलं, "कोणाच्या नावाच्या भरू?"

"कोणाच्याच नाही. तशाच भरा," करिश्माही थट्टेतच म्हणाली.

मग नव्या मोटारपंपाला लावावं तसं त्या हाताला हळदीकुंकूही लागलं. करिश्माने हरकत घेतली नाही. समोरचा हात जितका खरा वाटेल तितका प्रयोग अवघड, आणि अवघड प्रयोगात आपल्या बायका जिंकल्या तर गावंडे सरांना बोलायला जागाच उरणार नाही. तिला मनातून आनंदच झाला.

२

"मावशी, मनात आलं की हात काढून घ्यायचा. कधीही. कारण सांगायची गरज नाही," करिश्माने सांगितलं. हे सगळ्यांना सांगायचा नियमच असतो, आणि ती तो मनापासून पाळायची.

जयवंताबाईच्या स्वतःच्या बांगड्या वर कोपराकडे सरकवून फडक्याने बांधल्या, आवाज होऊ नये म्हणून. हात आत गेला. ब्रश फिरू लागले. पंखा गरगरत होता. आणि काही वेळाने करिश्माला बांगड्यांची किणकिण ऐकू आली.

बारीकच आवाज होता. कुणी हात थोडा पुढे करावा, तसा. तिने रबरी हाताकडे पाहिलं; तो पडल्या जागी पडलेला होता. जयवंताबाईच्या बांधलेल्या बांगड्या जागच्या जागी होत्या. आणि आवाज पेटीतून आला होता. पेटीचं अंग तिच्यासमोर उघडं होतं. आत जयवंताबाईचा हात होता, त्यावर ब्रश होता, आणि बाकी लाकूड.

प्रयोग संपल्यावर ठरलेले प्रश्न विचारले. समोरचा हात आपला वाटला का? जयवंताबाई फणकारली. "रबर ते रबर. मले का येडी समजली?" करिश्माचा चेहरा फुलला. तेवढ्यात जयवंताबाईने विचारलं, "पण आतली बाई कोण होती वो?"

"आत कुठली बाई, मावशी? ब्रश होता."

"ब्रश त होताच, तो समजला मले. हात कोणं धरला होता ते इचारून राहिली."

जयवंताबाई पदराने मनगट पुसत होती, भांडं पुसावं तसं, गोल गोल.

"थंडगार हात होता बाप्पा. पण जोर नाई केला तिनं. नुसता धरला अन् सोडला. बरं, येतो मी," असं म्हणून ती गेली.

३

पुढे आलेल्या बायकांनीही तेच सांगितलं. रबरी हाताला एकही भुलली नाही, आणि आतल्या बाईची चौकशी मात्र प्रत्येकीने केली. जाताना प्रत्येकीने मनगट पुसलं.

करिश्माकडे याचं उत्तर तयार होतं. सगळ्या अकोल्याहून एकाच जीपने येतात, आणि बडनेऱ्यापर्यंत जयवंताबाईच्या तोंडाला विसावा नसतो. एकीने ऐकवलं की दुसरीला भास होतोच. हे ती स्वतः एम.ए.च्या वर्गात शिकवायची. म्हणून तिने चांदूर रेल्वेच्या बायका बोलावल्या. गजरेवाल्या, भाजीवाल्या. अकोल्याशी संबंध नाही, एकमेकींशी ओळख नाही, वेगवेगळ्या दिवशी रेल्वेने आलेल्या. त्यातली एक तरणी पोरगी, सीमा, प्रश्न विचारायच्या आधीच रागावली.

"मॅडम, कोणी हात धरणार हाय ते आधी सांगाले पाहिजे ना. मी केवढी दचकली."

त्या संध्याकाळी करिश्माने रबरी हाताच्या बांगड्या उतरवल्या, हळदीकुंकू साबणाने धुतलं आणि बांगड्या बाहेरच्या कपाटात बंद केल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू झाला आणि पेटीत पुन्हा किणकिणलं. तिने पंखा बंद करून पाहिलं. रिकाम्या पेटीच्या उघड्या अंगाला भरदुपारी एकटीने बसून पाहिलं, पेटीत डोकं घालून पाहिलं. जुन्या फळीचा वास आला, दुसरं काही नाही. कुणाचा हात आत गेल्याशिवाय आवाज यायचा नाही. म्हणजे आवाज खोलीत नाही, आपल्या कानात आहे, असं तिने ठरवलं. चला, म्हणजे भास करून घेणाऱ्यांत आपणही आलो.

शिकलेल्या माणसाची ही एक गंमत असते. भीती वाटली की तो तिला नाव देतो, आणि नाव दिलं की भीती गेली असं धरून चालतो.

गावंडे सरांना तिने सगळं सांगितलं. लपवायचं कशाला? सर हसले, बाही वर केली आणि म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? सरकव इकडे ती पेटी." हात आत घातला. करिश्माने ब्रश फिरवले. सर बोलत होते, बोलता बोलता थांबले, पुन्हा बोलायला लागले. मग हात काढून उठले.

"काही नाही. बघितलंस? काही नाही."

दाराशी पोचेपर्यंत त्यांनी खिशातून रुमाल काढला होता. मनगट पुसलं, तळवा पुसला, बोटांच्या बेचक्या पुसल्या. रुमाल खिशात परत ठेवायला मात्र ते तयार दिसले नाहीत.

"या बायकांची माहिती वगळून टाक," ते म्हणाले. "आणि दसऱ्यानंतर ही खोली मला दुसऱ्या कामाला हवी आहे."

"वगळणार नाही, सर. त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिणार. भास असेल तर भास म्हणून लिहीन."

"हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस, करिश्मा."

"माझा हात कुठे, सर? हात तर तुमचा होता," ती म्हणाली. सर गेले. रुमाल दुसऱ्या दिवशी बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात दिसला.

४

दसरा आठवड्यावर आला, आणि ज्या दिवसांत फूलबाजारात मरायला फुरसत नसते त्या दिवसांत गंगूबाई अमरावतीला येऊन ठेपली. अंगावर झेंडूचा वास, हातात पिशवी, आणि डोकं तापलेलं.

"सारा बाजार सांगून राहिला का माह्या पोरीच्या खोलीत भूत हाय. म्हटलं पाहूनच येतो. कुठं हाय ते?"

"आई, भूतबीत काही नाही. तू नको बसू वो."

"काहून नको? जयवंता बसली, चांदूरच्या पोरी बसल्या. गंगूबाईचा हात मोडका हाय का?"

करिश्माने तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिलाही आईचा हात हवाच होता. आईच्या तर्जनीवर दोऱ्याने पडलेला घट्टा होता, शेंगदाण्याएवढा. अंधारात, बोलता बोलता, दुसरीकडे बघत आई गजऱ्याची गाठ मारायची आणि ती गाठ कधी सुटली नव्हती. सगळ्या प्रयोगाची कल्पनाच त्या हातावरून सुचलेली. शिवाय दोघींच्या रक्तात एकच खोड होती. कुणी घाबरवलं की पाय मागे घेण्याऐवजी पुढे टाकायची.

"मनात आलं की हात काढून घ्यायचा, आई. कधीही. मी आहे इथे."

"व्हय, व्हय. चालव तुहा ब्रश."

ब्रश फिरू लागले. पंखा फिरत होता. पेटीत बांगड्या किणकिणल्या, या वेळी जवळून, करिश्माच्या ब्रशाच्या टोकाशी. आईने ऐकलं की नाही कळलं नाही. तिचा चेहरा मात्र हळूहळू बदलला. गिऱ्हाईक फुलं चिवडायला लागलं की व्हायचा तसा.

"सोड," आई म्हणाली. करिश्माला नाही, पेटीला.

"आई, काढ हात."

"सोडून नाई राहिली."

आईने ओढलं. आणि करिश्माने, उघड्या अंगाला बसून, ट्यूबलाइटच्या उजेडात पाहिलं. आईचा हात तिच्याकडे ताणला गेला होता. मनगटाची कातडी सुरकुत्यांसकट पुढे सरकली होती आणि तीत शेजारी शेजारी चार खळगे पडले होते. खळग्यांत काहीच नव्हतं. हवा होती. मग एकदम हात सुटला, आई खुर्चीसकट मागे पडली, आणि पेटीत बांगड्या एकदाच खळ्ळकन वाजल्या.

करिश्माने धावत जाऊन आईला उठवलं. हात शाबूत होता. ऊब होती, नाडी होती, बोटं उघडत मिटत होती. पाण्याचा ग्लास दिला तर त्या हाताने धरला.

"तिनं ओढला, मीबी ओढला," आई धापा टाकत म्हणाली. "मी काय सोडतो का काय."

मग ग्लास खाली ठेवून तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. तर्जनीवरून अंगठा फिरवला. घट्टा होता तिथेच होता.

"करिश्मा," ती हळू आवाजात म्हणाली, "हा माहा नाई."

५

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं. शिरा ठीक, स्नायू ठीक, वयाच्या मानाने उत्तम हात, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि ते खरंच होतं. तो हात सांगितलेलं सगळं करायचा. बादली उचलायचा, दार लावायचा, केस विंचरायचा. फक्त त्याला गाठ येत नव्हती.

बाजारात फुलांचे ढीग पडले होते. गंगूबाई आपल्या जागेवर बसायची, दोरा घ्यायची आणि उजव्या हाताकडे बघत राहायची. तो शिकाऊ पोरीसारखा दोरा धरायचा. सुई झेंडूच्या देठात न जाता पाकळ्यांत जायची. गजऱ्याची गाठ घालायची आणि गिऱ्हाईकाच्या हातात गजरा उलगडून फुलं खाली सांडायची. गिऱ्हाईकं सभ्य होती, काही बोलायची नाहीत. पुढच्या खेपेला शेजारून घ्यायची.

घरी ती डाव्या हाताने जेवू लागली. ज्या बाईने पोरीला डाव्या हाताने घास घेतला म्हणून फटके दिलेले, ती बाई.

"काहून वो आई? उजव्यानं जेव ना," करिश्मा म्हणाली.

"त्यानं जेवलं त दुसरंच कोणी भरवून राहिलं असं वाटते," आई म्हणाली. "घास तोंडात फिरते माह्या."

करिश्माला रडू आलं नाही. राग आला. इतका राग आला की मोरीत जाऊन तिने तोंडावर पाण्याचे हबके मारले. आईची एवढीच एक वस्तू होती जगात, जी तिने कुणाकडून घेतली नव्हती आणि कुणी तिला दिली नव्हती. शाळा नाही, दागिना नाही, नवरा अर्ध्यावर गेलेला; हात होता. त्या हाताला आपण खोलीत नेऊन बसवलं.

जयवंताबाई भेटायला आली ती खण, नारळ आणि हिरव्या बांगड्यांचा डझन घेऊनच.

"आपणच त तिले बांगड्या भरल्या, कुंकू लावलं," ती खाली बघत म्हणाली. "बसवली, अन् कोण हायेस म्हणून इचारलंबी नाई. आता जाऊ, ओटी भरू, पदर पसरू. मांगितल्यावर देते ती. गंगू, हात मांगून घे तुहा."

"माहा हात मी मांगू?" आई म्हणाली. "कोणाले? काहून? हात माहा."

"हट्ट करतं तू. म्हणूनच तुहाच नेला तिनं. आमी ओढलं नाई, आमाले सोडलं."

"त मंग तुमी दिला असता तिले?"

जयवंताबाई उठली. दाराशी थांबून ती करिश्माला म्हणाली, "तू त शिकेल हायेस. तू समजाव तिले."

"मावशी," करिश्मा म्हणाली, "मी आईला सांगितलं होतं, मनात आलं की हात काढून घेता येईल. तिने काढला तेव्हा तो पुरता आला नाही. म्हणजे शब्द माझा मोडला. ओटी भरून तो जुळणार नाही."

६

रविवारची दुपार. विद्यापीठात चिटपाखरू नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली कुत्री झोपली होती. करिश्माने कुलूप काढलं, दिवा लावला. पंखा कण्हला आणि फिरायला लागला. रबरी हात तिने उचलून कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. त्याचं इथे काम नव्हतं.

"तू माझ्या जागेवर बस," ती आईला म्हणाली. "उघड्या बाजूला. काय दिसते ते सांगत राहा."

"अन् तू?"

"मी तुझ्या जागेवर."

इतक्या महिन्यांत त्या खुर्चीवर ती प्रथमच बसली. इथून पेटीच्या आतलं काही दिसत नव्हतं. फक्त भोक होतं, त्याच्या कडा बायकांच्या मनगटांनी गुळगुळीत झालेल्या. मनातल्या मनात तिने सगळी कारणं पुन्हा मांडली: सूचनेचा परिणाम, थकवा, आईवरची माया. सगळी बरोबर होती. मग तिने उजवा हात आत घातला.

काही झालं नाही. लाकूड गार होतं. पंख्याचा आवाज होता. तिला वाटलं, झालं, एवढंच होतं. आणि तेवढ्यात तिच्या तळव्यात कुणाची तरी बोटं आली.

ती ओरडली असती. पण त्या बोटांतल्या एकावर घट्टा होता. शेंगदाण्याएवढा.

"आई," ती म्हणाली, "तुझा हात कुठे आहे?"

"हा काय, मांडीवर पडेल हाय. काहून?"

"पेटीत बघ."

आई वाकली. आत भोकापर्यंत नजर फिरवली.

"पेटी रिकामी हाय," ती म्हणाली. "करिश्मा, यात तुहा हातबी नाई."

करिश्माने डोळे मिटले आणि मूठ आवळली. लहानपणी जत्रेत जो हात घट्ट धरून ती चालली होती, तोच हात होता. त्याचं कोपऱ्यात तुटलेलं नख, अंगठ्याचं वाकडं पेर, सगळं तिला पाठ होतं. तो गारठला होता. तिने धरल्याबरोबर त्यानेही धरलं. मग तिने ओढायला सुरुवात केली, आणि पलीकडूनही कुणीतरी ओढलं.

"सोड वो पोरी," आई उठून तिच्याकडे आली. "जाऊ दे माहा हात. तुहाबी जाईन."

"मला कोणी धरलंच नाही, आई," करिश्मा दातांवर दात दाबून म्हणाली. आणि हे बोलताना ते तिच्या ध्यानात आलं. ती मनात येईल तेव्हा हात काढून घेऊ शकत होती. धरलं होतं तिने. "तुझा आहे तो. मी नाही सोडत."

तिने टेबलाला गुडघा लावला. आईने मागून तिच्या खांद्यांना विळखा घातला, दोन्ही हातांनी, जिवंत डाव्याने आणि परक्या उजव्याने. दोघी मागे रेलल्या. करिश्माचं मनगट भोकाबाहेर आलं. मग तळवा आला. मग तिच्या मुठीत धरलेली बोटं भोकाच्या कडेशी आली, राखाडी, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी, आणि क्षणभर तिला त्यांच्या मागचं दिसलं. आईच्या मनगटावर दुसरी बोटं होती. त्या बोटांच्या मागे, अंधारात, बांगड्या. आणि त्या मनगटावरही बोटं होती. आणि त्याच्या मागेही. पेटी हातभर लांबीची होती आणि ते हात तिच्यात मावत नव्हते.

तिने डोळे फिरवले नाहीत. अजून जोराने ओढलं.

एकदम खांद्यात कळ आली. कुणीतरी पाचही बोटं तिच्या खांद्यात रुतवली होती. उजव्या बाजूला.

"आला," आई कानाशी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मुंग्या येऊन राहिल्या. करिश्मा, आला वो. माहाच हाय. बोट लागून राहिलं मले, तुहं हाड लागून राहिलं. सोड आता."

करिश्माला हुंदका फुटला. किती दिवसांनी. तिने मूठ उघडली.

हात सुटला नाही.

तिची बोटं सरळ होती, उघडी होती, आणि तरी तिचा तळवा धरलेला होता. तिने चाचपलं. घट्टा नव्हता. आईच्या हातापेक्षा हा हात लहान होता, हाडं बारीक, आणि तो खेचत नव्हता. तो लटकला होता. विहिरीत पडलेलं माणूस दोराला धरतं, तसं त्याने तिला धरलं होतं. त्याच्या मनगटाशी काच किणकिणत होती, आणि त्याच्या मागे, खोल, तसलीच किणकिण उठली, एकीमागून एक, जणू सगळ्यांना कळलं होतं की पुढचा हात निघाला.

पंखा फिरत होता. बाहेर एक कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

"सोडला का?" आईने विचारलं.

"मी सोडला. ही सोडत नाही."

"कोण हाय?"

"माहीत नाही. पण बाईचा हात आहे. आणि तिलाही मागून धरलेलं आहे कोणीतरी."

आईची छाती करिश्माच्या पाठीला लागलेली होती, धडधडत होती. भ्यालेली होती ती, करिश्माला कळत होतं. स्वतः तर ती नखशिखांत भ्याली होती. मग आईने पदर खोचला, टेबलाच्या पायाला पाय लावला आणि आपला उजवा हात करिश्माच्या दंडावरून पुढे, भोकापर्यंत नेला.

"मंग ओढ," आई म्हणाली.

आणि दोघींनी ओढलं.